कॉल करताना आपला नंबर लपवता येतो का? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या दुकानात सिमकार्ड, रिचार्ज आणि स्क्रीनगार्डबरोबर सल्लाही मागितला जातो. नंबर लपवण्याबद्दल आणि नंबर न दिसण्याबद्दल इतके जण विचारतात, की काउंटरवर घाईघाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. वाशी-नेरुळहून फोनवर विचारणाऱ्यांनाही आता हेच पाठवू.

माझा नंबर समोरच्याला न दिसता मला फोन करता येईल का?

साध्या सिमवरून नाही. प्रीपेड असो वा पोस्टपेड, जादा पैसे मोजायची तयारी असो वा नसो, आपल्याकडे ही सोय सर्वसामान्य ग्राहकाच्या सिमवर बंदच असते. कंपनीच्या गॅलरीत (ग्राहक सेवा केंद्रात) जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. काउंटरवरच्या पोराच्या हातात ते नसतं आणि त्याच्या मॅनेजरच्याही नसतं. ती अट सरकारने मोबाइल कंपन्यांना दिलेल्या परवान्यातच आहे.

मग फोनमध्ये 'हाइड नंबर' असं सेटिंग दिलंय कशाला?

कारण फोन बनवणारा तो जगभर विकतो. अमेरिकेत, युरोपात हे सेटिंग चालतं, म्हणून ते सगळ्याच फोनमध्ये असतं. सॅमसंगमध्ये फोन ॲप उघडून वरचे तीन टिंब, मग सेटिंग्ज, मग सप्लिमेंटरी सर्व्हिसेस, तिथे 'शो युअर कॉलर आयडी' सापडतं. गूगलचं फोन ॲप असलेल्या हँडसेटमध्ये सेटिंग्ज, कॉलिंग अकाउंट्स, मग आपलं सिम आणि ॲडिशनल सेटिंग्ज असा रस्ता आहे. आयफोनच्या नव्या आवृत्तीत सेटिंग्ज, ॲप्स, फोन असं गेलं की 'शो माय कॉलर आयडी' दिसतं. जुन्या आवृत्तीत 'फोन' थेट सेटिंग्जच्या यादीतच असतो.

अँड्रॉइडमध्ये तिथे सहसा तीन पर्याय असतात : नेटवर्क डिफॉल्ट, नंबर लपवा, नंबर दाखवा. फोन फक्त विनंती करतो, ती मान्य करायची की नाही ते नेटवर्क ठरवतं. आपल्याकडे बहुतेकदा 'नेटवर्क किंवा सिम एरर' असा निरोप येतो, किंवा आयफोनवरचं बटण फिकट होऊन बसतं. बऱ्याच फोनमध्ये हे पान उघडायलाच मोबाइल डेटा चालू लागतो, कारण ४जीवर ही माहिती डेटावरून मागवली जाते. वायफायवर बसून 'पान उघडत नाही' म्हणणारे पुष्कळ येतात.

यातली एक खोच लक्षात ठेवा. 'लपवा' निवडून ठेवलं तर नंबर लपतोच असं नाही, पण कॉल लागणं मात्र बंद होऊ शकतं. कळव्याचे एक रिक्षावाले काका फोन घेऊन आले होते. इनकमिंग व्यवस्थित, डेटा व्यवस्थित, रिचार्ज भरलेला, पण आउटगोइंग कॉल लावला की क्षणात 'कॉल एंडेड'. सिम बदलून द्या म्हणत होते. भाच्याने खेळता खेळता कॉलर आयडी 'हाइड'वर टाकला होता. 'नेटवर्क डिफॉल्ट'वर आणला आणि काकांनी दुकानातूनच काकूंना फोन लावून खात्री करून घेतली. तेव्हा आउटगोइंग एकाएकी बंद पडलं तर सिम बदलायच्या आधी हे सेटिंग बघा.

यूट्यूबवर नंबरच्या आधी कोड टाकून नंबर लपवतात. ते खोटं आहे का?

खोटं नाही, परदेशातलं आहे. *६७ हा अमेरिका-कॅनडातला कोड आहे आणि १४१ ब्रिटनमधला. इथे त्यांचा काही उपयोग नाही. #३१# हा जीएसएम नेटवर्कचा जगभरचा कोड : तो लावून पुढे नंबर टाकला तर तेवढ्या एका कॉलपुरता नंबर लपवण्याची विनंती जाते. *३१# त्याच्या उलटा, म्हणजे कायम लपवून ठेवलेला नंबर एका कॉलपुरता दाखवणारा. या दोघांची अदलाबदल करून सांगणारे व्हिडिओ आम्ही स्वतः पाहिलेत. आणि *#३१# टाकून कॉलचं बटण दाबलं तर सध्या काय स्थिती आहे एवढंच विचारलं जातं. त्याने काही बिघडत नाही.

इथल्या सिमवर #३१# वापरलं की एक तर कॉल लागत नाही, नाहीतर लागतो आणि नंबर बिनदिक्कत दिसतो. दुसरी शक्यता जास्त अडचणीची. आपण लपलोय अशा समजुतीत माणूस काहीबाही बोलून बसतो.

नंबर लपवला म्हणजे तो जातच नाही का?

जातो. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

तुम्ही कॉल लावला की तुमचा नंबर कॉलबरोबर नेटवर्कमधून पुढे जातोच, त्याशिवाय हिशोब कसा ठेवणार? लपवण्याची सोय असलेल्या सिमवरून कॉल केला तर नंबरच्या सोबत 'दाखवू नये' अशी एक खूण जाते. समोरच्याच्या कंपनीचं एक्स्चेंज ती खूण बघतं आणि त्याच्या फोनपर्यंत नंबर जाऊ देत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, फक्त पोस्टमनने तो झाकून पाकीट हातात दिलं, असं समजा. दोन्ही बाजूंच्या कंपन्यांकडे नंबर, वेळ, कालावधी सगळं नोंदलेलं राहतं. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१मध्ये परवान्यात बदल करून या नोंदी किमान २ वर्षं ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्याआधी मुदत १ वर्षाची होती.

म्हणून 'प्रायव्हेट नंबर' हा फक्त तुमच्यापुरता प्रायव्हेट. पोलिसांपुरता नाही.

ही सोय मग कोणाला मिळते?

गुप्तचर आणि तपास यंत्रणा, सुरक्षेच्या कारणावरून ठरावीक पदांवरच्या व्यक्ती, आणि सबळ कारण तपासून मंजुरी मिळालेले मोजके ग्राहक. परवान्याच्या अटीप्रमाणे अशा ग्राहकांची नाव-पत्त्यासह यादी कंपनीने पासवर्ड लावलेल्या संकेतस्थळावर ठेवायची असते आणि ती अधिकृत सरकारी यंत्रणांना बघता येते. म्हणजे जो लपतो त्याचीच सरकारकडे सगळ्यात नीटनेटकी नोंद! शिवाय कंपन्यांची घाऊक कनेक्शन, कॉल सेंटर आणि टेलिमार्केटिंग यांना ही सोय देऊ नये असं अटीत स्पष्ट म्हटलं आहे. ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरमध्ये कामाला असलेली मुलं 'आमच्या ऑफिसचा नंबर लपवून मिळेल का' विचारतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

मला काही वाईट करायचं नाही. फक्त घरचा नंबर गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. काय करू?

हा आमच्या मते खरा प्रश्न. नंबर लपवायला आलेल्या दहातल्या नऊ जणांना (हा आपला ढोबळ अंदाज) लपायचं नसतंच. त्यांना घर आणि धंदा वेगळा ठेवायचा असतो. खारघरमधून डबे पुरवणाऱ्या ताई, घोडबंदर रोडला शिकवण्या घेणारे सर, घर भाड्याने द्यायची जाहिरात टाकून पस्तावलेले आजोबा. आजोबांचा फ्लॅट केव्हाच गेला, दलालांचे फोन अजून येतात.

अशा वेळी सरळ दुसरा नंबर घ्या. आजकालचे बहुतेक फोन दोन सिमचे असतात, आणि खाच एकच असेल तर ई-सिम चालतं का ते बघा. धंद्याचा नंबर दुसऱ्या सिमवर ठेवा, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, कामाची वेळ संपली की सेटिंगमधून ते सिम तात्पुरतं बंद करा. फोन एकच राहतो आणि रात्री साडेदहाला 'उद्या दोन डबे जास्त' असा फोन येत नाही. घर भाड्याने द्यायचं असेल, जुनी गाडी विकायची असेल, लग्नाच्या स्थळांसाठी नंबर द्यायचा असेल, तर तेवढ्यापुरतं स्वस्तातलं सिम घ्यावं आणि काम झालं की बंद करावं, असं आम्ही सांगतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणालातरी दिला जातो. त्या नंबरवर बँकेचं खातं किंवा ओटीपी जोडून ठेवलं असेल तर निस्तरायला नाकी नऊ येतात. दुसरं, एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ सिम चालतात. आपल्या नावावर किती आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'च्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ओटीपी टाकून बघता येतं. एकदा बघाच. ओळखीचा नसलेला नंबर यादीत निघाला तर तिथूनच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येतं.

व्यवसाय जरा मोठा असेल, म्हणजे दवाखाना, क्लास किंवा दोन-चार जण फोन घेतात असं दुकान, तर क्लाउड टेलिफोनीवाल्यांकडून (इंटरनेटवरून कॉल वळवण्याची सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून) एक सामायिक नंबर घेता येतो. गिऱ्हाइकाला तोच दिसतो आणि कॉल तुमच्या कुठल्याही माणसाच्या मोबाइलवर वळतो. लपवालपवीचा हा रस्ता कायदेशीर आहे, कारण त्या नंबरमागे कोण आहे याची नोंद असते.

जेवण मागवलं की डिलिव्हरीवाल्याला माझा नंबर दिसतो का?

मोठ्या ॲपवरून मागवलं असेल तर सहसा नाही. मधला एक नंबर तुम्हाला दिसतो, त्यालाही दिसतो, आणि कॉल त्या मधल्या नंबरवरून जोडला जातो. टॅक्सीच्या ॲपचंही तेच. म्हणून ऑर्डर पोचल्यावर तासाभराने त्याच नंबरवर फोन केला तर तो भलतीकडे लागतो किंवा लागतच नाही. छत्री राहिली असेल तर ॲपमधूनच तक्रार करावी लागते. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये मात्र त्याने तुमचा फ्लॅट नंबर लिहिलेला असतोच, ते वेगळं.

व्हॉट्सॲप कॉलवर नंबर लपतो का?

या सेटिंगचा व्हॉट्सॲपशी काही संबंध नाही. हाइड-शो हे फक्त मोबाइल नेटवर्कवरच्या कॉलसाठी असतं. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल तुमच्या व्हॉट्सॲपच्या ओळखीनिशीच जातो. तिथे उपयोगाची गोष्ट दुसरी आहे : सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग कॉल्स, आणि तिथे 'सायलेन्स अननोन कॉलर्स'. अनोळखी कॉलची रिंग वाजत नाही, नोंद मात्र राहते. २०२३ सालापासून ही सोय आहे आणि ज्येष्ठांच्या फोनवर आम्ही ती न विचारताच सुचवतो.

एसएमएसवर?

नाही. नंबर दिसणारच.

माझं उलट आहे. मी फोन केला की लोकांना 'अननोन' दिसतं आणि कोणी उचलत नाही.

आधी समोरच्याला विचारा की स्क्रीनवर नेमकं काय येतंय. 'अननोन', 'प्रायव्हेट', 'नो कॉलर आयडी' आणि नुसता नाव नसलेला नंबर, या चार गोष्टी लोक एकाच शब्दात सांगतात. नंबर दिसतोय पण नाव नाही, एवढंच असेल तर त्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही, विषय संपला. दोन सिमचा फोन असेल तर फोन दुसऱ्याच सिमवरून जातोय का तेही बघा. ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की आम्ही फोन हातात घेतल्यावर पहिलं तेच तपासतो. कॉन्टॅक्टमध्ये नंबर अर्धवट किंवा एखादा आकडा चुकून जतन केलेला असेल तरी नाव येत नाही. +९१ लावून जतन केलेला नंबर परदेशात गेल्यावरही चालतो.

खरोखरच नंबर दिसत नसेल तर वर सांगितलेल्या सेटिंगमध्ये जाऊन 'नेटवर्क डिफॉल्ट' किंवा 'शो नंबर' करा, फोन बंद करून चालू करा. तरीही जमलं नाही तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. तिथे नंबर दिसला तर घोटाळा तुमच्या फोनमध्ये, नाही दिसला तर कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

ऑफिसच्या फोनवरून केलेल्या कॉलचं वेगळं. तिथे बोर्डाचा मुख्य नंबर दिसतो, तुमचं एक्स्टेन्शन नाही. घरचे उलट फोन करतात आणि रिसेप्शनला लागतो.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याचा फोन कधी 'नो कॉलर आयडी', कधी भलत्याच नंबरवरून येतो.

परदेशातला कॉल दोन-तीन कंपन्यांच्या हातातून इथे पोचतो. स्वस्त कॉलिंग ॲप किंवा कार्ड असेल तर वाटेत मूळ नंबर गळून पडतो, नाहीतर मधल्या कंपनीचा चिकटतो. तुमच्या फोनमध्ये काही दोष नाही. व्हॉट्सॲपवर बोला म्हणजे नंबर बरोबर दिसेल आणि पैसेही वाचतील.

पण इथे एक भानगड माहीत असायला हवी. बाहेरच्या देशातून, +९१ने सुरू होणारा भारतीय नंबर दाखवून फसवणुकीचे कॉल मोठ्या प्रमाणावर यायचे. तुम्हाला वाटे ठाण्यातूनच कोणीतरी बोलतंय. ते अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४मध्ये एक केंद्रीय यंत्रणा सुरू केली. विभागाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल बनावट म्हणून अडवले गेले. भारतीय नंबर दाखवत बाहेरून आलेल्या कॉलपैकी ते ९० टक्के होते. भारतीय नंबरचा कॉल बाहेरून आला की तो ग्राहक खरोखरच परदेशात रोमिंगवर आहे का, हे ती यंत्रणा तपासते. तुमचा जावई दुबईहून आपल्या भारतीय सिमवरून फोन करत असेल तर तो नीट लागतो. इथेच भारतात असलेल्या सिमच्या नंबरचं सोंग घेऊन कोणी बाहेरून फोन केला तर तो कॉल वाटेतच अडतो.

बाहेरून आलेल्या कॉलवर 'इंटरनॅशनल कॉल' असं लिहून येण्याची सोयही कंपन्या देऊ लागल्या आहेत. ते दिसलं आणि समोरचा म्हणाला 'वर्तकनगर पोलीस ठाण्यातून बोलतोय', तर काय समजायचं ते तुम्ही समजालच.

लोक मला फोन करून शिव्या देताहेत. म्हणतात तुमच्या नंबरवरून मिस्ड कॉल आला. मी केलाच नाही!

तुमचा नंबर कोणीतरी सोंग म्हणून वापरला आहे. याला स्पूफिंग म्हणतात. इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या काही यंत्रणांमध्ये 'कॉल करणाऱ्याचा नंबर' या रकान्यात हवा तो आकडा भरता येतो, आणि नेमका तुमचा भरला गेला. तुमचं सिम हॅक झालेलं असेलच असं नाही. शिव्या देणारा मात्र खरा माणूस असतो आणि त्याचाही राग खराच असतो, तेव्हा शांतपणे समजावून सांगा आणि आलेल्या फोनच्या वेळा टिपून ठेवा. कंपनीला कळवा आणि संचार साथीवरच्या 'चक्षु' या संशयास्पद कॉल कळवण्याच्या विभागात तक्रार करा. मार्च २०२४पासून तो सुरू आहे. तुमच्या नावाने पैसे उकळल्याचं कानावर आलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

एक खात्री करून घ्या : कॉल फॉरवर्डिंग चालू नाही ना? अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून *४०१* किंवा *२१* असं काही टाकून त्यापुढे त्याने दिलेला नंबर दाबला असेल, तर तुमचे इनकमिंग कॉल, बँकेच्या ओटीपीच्या कॉलसकट, त्याच्याकडे जाऊ शकतात. ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. याच फसवणुकीमुळे १५ एप्रिल २०२४पासून कोड टाकून फॉरवर्डिंग चालू करण्याची सोय थांबवण्याचे आदेश निघाले. पण कुरिअरचं पार्सल अडकलंय म्हणून कोड टाकायला सांगणारे अजून संपलेले नाहीत.

एका ॲपवर हवा तो नंबर दाखवून मित्राची गंमत करता येते म्हणे. करू का?

नका करू. दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणे दूरसंचार ओळखीत फेरफार करणं हा गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कॉलवर दिसणारा नंबर या ओळखीत मोडतो. कसा बदलायचा हे शिकवणारे व्हिडिओसुद्धा काढून टाका, असं विभागाने फेब्रुवारी २०२५मध्ये समाजमाध्यमांना बजावलं होतं. मित्र हसेल, पण ॲपवाल्याकडे तुमचं कार्ड, तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट आणि आवाज गेलेला असेल, ते निराळंच.

'प्रायव्हेट नंबर'वरून रात्री-अपरात्री फोन येतात. धमक्याही देतात. नंबरच नाही तर तक्रार कशी करू?

नंबर नसला तरी तक्रार होते. तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ लिहून ठेवा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा, तो लॉग पुसू नका. तुमच्या नंबरवर त्या मिनिटाला कोणता कॉल आला होता हे पोलीस कंपनीकडून मागवतात. तुम्ही स्वतः गॅलरीत विचारलंत तर कंपनी सांगणार नाही, तिला तशी परवानगीच नाही.

नाव-ठिकाण लपवून दिलेली धमकी कायदा जास्त गंभीर धरतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) प्रमाणे धमकीच्या मूळ शिक्षेवर आणखी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाईमाणसाला वारंवार फोन करून छळणं हे कलम ७८च्या पाठलागात येऊ शकतं. घाबरून सिम बदलण्यापेक्षा पोलीस ठाणं गाठा. ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर हे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, वाशीपासून पनवेल-उरणपर्यंत नवी मुंबई आयुक्तालय, आणि मीरा-भाईंदर आता वसई-विरारबरोबर वेगळं आहे. हद्द चुकली म्हणून तक्रार नाकारता येत नाही. तातडी असेल तर ११२, महिलांसाठी १८१, पैसे गेले असतील तर १९३०, आणि तोही पहिल्या तासाभरात लावला तर पैसे वाटेत थांबण्याची आशा जास्त.

फोनमध्ये अनोळखी किंवा नंबर नसलेले कॉल ब्लॉक करायचं बटण असतं. लावा, पण घरात परदेशी राहणारं कोणी असेल तर आधी त्यांना सांगा.

१४० आणि १६०० ने सुरू होणारे नंबर कोणाचे?

१४० : जाहिरात. १६०० : बँक, विमा, सरकारी खाती यांचे सेवेचे कॉल. ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) व्यापारी बँकांना १६००वर यायला १ जानेवारी २०२६ची मुदत घालून दिली होती. दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याशी त्यामुळे आता अजिबात भीड बाळगू नका, फोन ठेवून द्या. नको असलेल्या जाहिरातींसाठी १९०९वर डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे 'जाहिराती नकोत') नोंदवा. २०२५च्या नियमबदलानंतर कॉल आल्यापासून ७ दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आधी फक्त ३ दिवस मिळायचे.

ट्रूकॉलरवर माझं नाव 'सुरेश प्लंबर' दाखवतंय. मी प्लंबर नाही.

कोणीतरी तुम्हाला, किंवा तुमच्या आधी तो नंबर वापरणाऱ्याला, तसं जतन केलं असणार. ती नावं सरकारी नोंदीतली नसतात, वापरणाऱ्यांकडून गोळा झालेली असतात. ॲपमध्ये दुरुस्ती सुचवता येते. तिथून पूर्ण बाहेर पडायचं तर आधी ॲपमधलं खातं बंद करा आणि मग त्यांच्या संकेतस्थळावरच्या 'अनलिस्ट' पानावर नंबर टाका.

आता म्हणे कंपनीच नाव दाखवणार. मग घरच्यांची नावं कशी दिसतील?

यात ठाण्याच्या घराघरांत गंमत होणार आहे.

ट्रायने २३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिफारस केली, की कॉल आला की सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव नेटवर्कनेच दाखवावं. २८ ऑक्टोबर २०२५ला पुढचे मुद्दे ठरले : ही सोय आपोआप चालू असेल, नको असेल त्याला बंद करून घेता येईल, आणि ४जी व त्यापुढच्या नेटवर्कवरच ती चालेल. साधे २जी फोन त्यात येत नाहीत. ज्यांना नंबर लपवण्याची अधिकृत सोय आहे त्यांचं नावही दिसणार नाही. कंपन्या टप्प्याटप्प्याने ती लागू करत आहेत.

नाव सिम घेताना भरलेल्या अर्जावरून येणार, आणि तिथेच मेख आहे. कित्येक घरांत सगळी सिम बाबांच्या नावावर असतात, कारण त्या दिवशी आधार त्यांच्याच खिशात होतं. मग आई भिशीच्या बायकांना फोन करणार आणि स्क्रीनवर बाबा. कॉलेजमधली लेक मैत्रिणीला फोन करणार, पुन्हा बाबा! एपीएमसीतल्या व्यापाऱ्याचं सिम पेढीच्या नावावर असेल तर मुलाच्या शाळेत फोन केल्यावरही पेढीचंच नाव. वडील वारले तरी सिम त्यांच्याच नावावर चालू असलेली घरंही आमच्या ओळखीत आहेत. तिथे काय वाटेल ते सांगायला नको.

उपाय एकच : सिम वापरणाऱ्याच्या नावावर करून घ्या. दोघांनी आपापलं ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत जायचं आणि नावबदलाचा अर्ज द्यायचा. नंबर तोच राहतो. शनिवारी संध्याकाळी गोखले रोडला खरेदीला आलात की हे काम होईल असं समजू नका. गर्दी असते आणि सर्व्हरही त्याच वेळी झोपतो. आठवड्यातली सकाळ बरी.

लँडलाइनचं काय?

ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे ०२२, कल्याण-डोंबिवलीला ०२५१. लँडलाइनवरून मोबाइलला फोन केला की नंबर या कोडसकट दिसतो. लँडलाइनवर आलेला नंबर बघायचा असेल तर पडदा असलेलं यंत्र हवं आणि लाइनवर ती सेवा चालू हवी. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी ० लागतो. अजून कोणाचा फोन लागत नसेल तर बहुतेक तो शून्यच राहिलेला असतो.

११२ ला फोन केला तर माझा नंबर त्यांना दिसतो का?

दिसतो, तुम्ही काहीही सेटिंग केलेलं असलं तरी. मदत पाठवायची तर त्यांना उलट फोन करता यायला हवा. मुलांना हे समजावून सांगा, कारण गंमत म्हणून लावलेल्या ११२च्या फोनवरून पोलिसांचा घरी फोन येतो, आणि तो आजोबा उचलतात.